सिस्टरबाईंच्या मळ्यावर

दादा इंजिनाला कान लावायचे. म्हणजे खरोखरच लावायचे. कापूरहोळला, जिथून भोरचा रस्ता फुटतो, तिथल्या एका गॅरेजात ते फिटर होते. ट्रक येऊन उभा राहिला की बॉनेट उघडायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा वाल गेलाय." पार कोल्हापूरकडचे ड्रायव्हर "किसन वस्ताद हायती का?" असं विचारत यायचे. आणि हाच माणूस हातभट्टीची मारून वरव्याच्या ओढ्यात आडवा पडलेला सापडायचा. दोन्ही गोष्टी खऱ्या. आता मी माझ्या नातीला पहिली सांगितली की ती खूश होते, आणि दुसरी सांगायला लागले की तिची आई मला डोळ्यांनी दटावते. मी म्हणते, का गं बाई, लेकरापासून काय लपवायचं? लपवूनच तर आमच्या घराचा सगळा घोळ झाला होता.

वरवे बुद्रुकला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मी थोरली, शकुंतला, घरात शके. माझ्या पाठीवर सात वर्षांनी झालेला बाळू. आईचं नाव सोनाबाई, अंगानं किडकिडीत आणि जिभेनं तिखट. पण दादांच्या पिण्याची गोष्ट निघाली की ही तिखट जीभ लुळी पडायची. दादा दोन दिवस कामावर गेले नाहीत की आई मला गॅरेजात पाठवायची, "ताप आलाय म्हणून सांग." मी सांगायचे. पुढच्या खेपेला पोटात दुखायचं, त्याच्या पुढच्या खेपेला कुणीतरी पाव्हणं वारायचं. आमचे इतके पाहुणे दोन वर्षांत वारले की खरे मोजले असते तर भावकी रिकामी झाली असती. शेजारच्या काकू विचारायच्या, "सोना, रातच्याला आरडावरडा कशाचा हुता गं?" आई सांगायची, "मांजर शिरलं हुतं." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मला मागच्या दारी बजावायची. विहारात सगळे मिळून पंचशील म्हणायचे तेव्हा दादांचा आवाज सगळ्यांत मोठा. चार शिलं कशी खणखणीत व्हायची, आणि पाचवं आलं, दारू न पिण्याचं, की दादांना नेमका खोकला यायचा. लोक मान खाली घालून हसायचे. मला मात्र तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

मग एका दुपारी गॅरेजात जॅकवरचा ट्रक खाली आला. दादांनी चाक सरकू नये म्हणून लावतात ती दगडाची उटी लावली नव्हती. ट्रकखाली दादाच असायचे, पण ते नेमके तेवढ्यात मागच्या बाजूला 'एक मारायला' गेले होते, म्हणून वाचले. दारूनं जीव वाचवला, असं ते घरी येऊन मोठ्या विनोदानं सांगत होते, आणि आई भाकरी थापता थापता थांबली ती थांबलीच. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजचे मालक स्वतः घरी आले. म्हणाले, "वहिनी, आता ताप आलाय म्हणू नगा. माझा मेव्हणा बी असाच हुता. मार्गासनीच्या पल्याड एक सिस्टरबाई हायत्या, त्यांच्याकडं वस्तादाला न्या. आठ महिने लागतात. होळीपत्तूर म्या जागा ठिवतो. त्याच्या फुडं मला बी धंदा हाय." तो आषाढ होता.

सिस्टरबाई पुण्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांचा धाकटा भाऊ दारूनं गेला. त्याच्या वाट्याची नदीकाठची जमीन यांच्याकडे आली, तेव्हा नोकरी सोडून त्या तिथं येऊन बसल्या. दोन लांबलचक कौलारू पडव्या, एक स्वयंपाकघर, खाली भाताची खाचरं, वर डोंगराला लागून नाचणी-वरी. बोर्ड नाही, पाटी नाही. लोक 'सिस्टरबाईंचा मळा' म्हणायचे, एवढंच. एका वेळी सात-आठ पिणारे असायचे, त्यांच्याकडून शेतीची कामं करून घ्यायच्या आणि त्याच अन्नावर सगळ्यांना जगवायच्या. बाई ठेंगणी, रुंद, पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा. बोलणं असं की समोरच्याला वाटावं ही आपल्याला रागावतेय, आणि घरी गेल्यावर कळावं की रागावली नव्हती, माया करत होती. एकदा एका पेशंटनं भर बैठकीत त्यांना विचारलं, "बाई, आमची दारू सोडवता, आन् तुमची मिश्री वो?" बाई उठल्या, मिश्रीची डबी कनवटीची काढली आणि नदीत भिरकावली. पुढं पंधरा दिवस त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं. पण डबी परत आली नाही. अशी ती बाई.

पहिल्या दिवशी त्यांनी दादांना नाव-गाव विचारलं, नाडी पाहिली, आणि मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कधी येणार?"

आई म्हणाली, "आमी? आमी न्हाई वो पीत."

"पीत नाही, पण पिणाऱ्याबरोबर राहता ना? चार महिने हा एकटा राहील. पुढचे चार महिने तुम्ही सगळे. पोरांसकट. कबूल असेल तर ठेवते, नाहीतर दोनची एस.टी. आहे."

आईला ते भलतंच वाटलं. वाटेत एस.टी.त ती मला म्हणाली, "रेडा आजारी आन् पखालीला इंजेक्शन." पण तिनं कबूल केलं होतं, आणि दिवाळी झाल्यावर, भाताची कापणी उरकून, आम्ही बोचकी बांधली, दोन कोंबड्या पाटीत झाकून घेतल्या, घराला कुलूप लावलं आणि निघालो. वस्तीत एकानं तोंडावर सांगितलं, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, सोना." आईनं त्याला दिलेलं उत्तर मी इथं लिहीत नाही.

मळ्यावर गेल्यावर आईनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे आपला तांब्या घेऊन रांजणापासून चार हात लांब उभी राहिली, कुणी पाणी घालतंय का वाट बघत. तिथं मराठ्यांची माणसं होती, माळ्यांची होती, एक भोरचा मोठ्या घरातला तरुण होता. बाईंनी बघितलं आणि स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सोनाबाई, हिथं रांजण एकच आहे आणि पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं. माझे हात रिकामे नाहीत." बस्स. ना भाषण, ना काही. आईनं रांजणात तांब्या बुडवला. तो बुडाल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, कारण आई त्यानंतर ते पाणी प्यायलीच नाही, नुसती दोन्ही हातांनी तांब्या धरून उभी राहिली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

तिथल्या जेवणाची चव पुन्हा कुठं मिळाली नाही. आंबेमोहोर तांदळाच्या कण्यांचा भात, नाचणीची गरम भाकरी, वालाची आमटी, आणि कधी नदीत खेकडी सापडली तर त्यांचं लालभडक कालवण. सकाळपासून उखळात कांडणाचा धप्प धप्प आवाज, मागं नदीची अखंड खळखळ, आणि डोंगरावरून गुराख्यांच्या हाका. दुपारच्या पंगतीची तिथं एक रीत होती. पिणाऱ्यानं आपल्या घरच्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटी जेवायचं. बाई म्हणायच्या, "इतकी वर्षं ह्यांनी ताट झाकून तुमची वाट बघितली. आता तुम्ही बघा." पहिल्या दिवशी दादा माझ्या ताटात आमटी वाढायला वाकले आणि निम्मी आमटी माझ्या परकरावर सांडली. बाळू फिदीफिदी हसला. दादाही हसले. आम्ही घरी असे एकत्र कधी हसलो होतो, मला आठवेना.

दुसरी रीत बैठकीची. न्याहारी झाली की पडवीत सगळे गोल बसायचे. घरच्या माणसानं एक गोष्ट सांगायची, पिण्याच्या भरात घडलेली. पिणाऱ्यानं नुसती ऐकायची. 'मला आठवत नाही' म्हणायचं नाही, 'पण' म्हणायचं नाही. आणि मग त्याच घरच्या माणसानं सांगायचं, त्या वेळी मी काय खोटं बोलले. हा दुसरा भाग लई अवघड. मारलं, शिव्या दिल्या, हे सांगताना बायांना हुरूप यायचा. पण मी काय लपवलं हे विचारलं की सगळ्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागायच्या. आई पहिले आठ दिवस म्हणाली, "म्या कशाला खोटं बोलू?" नवव्या दिवशी तिनं मांजराची गोष्ट सांगितली. हसतच सांगायला लागली आणि मधेच थांबली. मग म्हणाली, "मांजर न्हवतं. माझं डोकं भितीला आपटलं हुतं." दादा समोर बसले होते. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पंगतीत आम्हाला वाढलं आणि स्वतः जेवले नाहीत.

पडवीच्या भिंतीवर प्रत्येक घराच्या नावानं गेरूच्या रेघा असायच्या, रोजची एक. आम्ही गेल्यावर बाईंनी दादांच्या रेघांवरचं 'किसन' हे नाव पुसून 'किसनचं घर' असं लिहिलं. पौष लागला तोवर सहा महिने झाले होते. दोन राहिले की फाल्गुन, होळी, गॅरेज. आई आतल्या आत दिवस मोजत होती हे मला कळत होतं.

आणि पौषात आत्या आली. दादांची थोरली बहीण, भोरला दिलेली. संक्रांतीचा सण पाळायचा नाही असं आमच्या वस्तीत ठरलेलं होतं, पण तिळाच्या लाडवांनी कुणाचं काय केलंय? आत्या डबाभर घेऊन आली. दादांना बघितलं आणि तिनं गळाच काढला. "माझ्या भावाची पार काटकी झाली गं! काय खायाला घालती का न्हाई ही बाई?" दादा खरंच वाळले होते, पण ते खाचरात राबून. निघताना आत्यानं मला विहिरीच्या मागं गाठलं आणि पिशवीतून तपकिरी बाटली काढली. द्राक्षासव. भोरच्या वैद्याकडचं. "जेवल्यावर दोन-दोन चमचे दे माझ्या भावाला. रगत वाढतं. आन् त्या बाईला बोलू नगंस, ती सुयावाली, तिला आपलं देशी पटायचं न्हाई." बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, आजारातून उठलेल्याला आमच्याकडं द्राक्षासवच देतात. औषध ते. त्यात काय असतं हे आत्याला माहीत नव्हतं आणि मलाही. मी तेरा वर्षांची होते आणि माझ्या बापाचं रक्त वाढवायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. माझी छाती फुगली.

मी बाटली गोधड्यांच्या चळतीत ठेवली. दुपारी पंगत उठली की दादांना पडवीमागं बोलवायचं आणि चमच्यानं पाजायचं. पहिला चमचा तोंडात गेला आणि दादांनी तो जिभेवर घोळवला. माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कुणी दिलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "अक्का लई मायेची." दुसऱ्या दिवशी चमचा नको म्हणाले, झाकणानं घेतलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कुठं ठेवती सांग, मी घेत जाईन, तुला कशाला तरास." आणि खरं सांगते, ते चार दिवस आमच्या आयुष्यातले फार गोड दिवस होते. दादा गाणी गुणगुणायचे. बाळूला खांद्यावर घेऊन नदीवर जायचे. घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या गोष्टी सांगायचे. मला वाटलं, रक्त वाढतंय. आई पण त्या दिवसांत हसायची, फक्त मधेच थबकून त्यांच्याकडे बघायची.

पाचव्या दिवशी दादा मला विहिरीपाशी भेटले आणि म्हणाले, "शके, संपलं की गं ते. अक्काला निरोप धाड. दोन आणायला सांग. आन् आईला बोलू नगं." बोलणं साधं होतं. पण तो आवाज! हळू, गोड, घाईचा, आणि डोळे माझ्या डोक्यावरून मागच्या वाटेकडं. वरव्याला मला ओढ्यापलीकडं बाटली आणायला पाठवताना दादा नेमके याच आवाजात बोलायचे. त्या औषधात दारूचाच अंश होता, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत बाईंनी विचारलं, "काय वस्ताद, कसं काय?" दादा म्हणाले, "झकास." आणि मी उठून उभी राहिले. माझी पाळी नव्हती. मी काय बोलले ते शब्द आठवत नाहीत, पण आत्या, बाटली, चमचा, झाकण, सगळं एका दमात ओकले आणि शेवटी म्हणाले, "मी पाजली. दादांनी नाही मागितली, मी पाजली."

दादा उसळले. "अवो बाई, औषध हाय ते! वैद्याचं! पोर खुळी झालीया."

बाईंनी रिकामी बाटली आणवली, बूच काढून हुंगलं. मग सगळ्यांत आधी माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता कानाखाली बसते. त्या म्हणाल्या, "शकुंतले, ही चूक माझी. येणाऱ्या पाव्हण्यांना दारू आणू नका म्हणते, आसव आणू नका, खोकल्याचं औषध आणू नका, हे मी कधी सांगितलं नाही. मला सुचलंच नाही. तुला कसं कळावं?" सगळ्यांदेखत म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बाईनं तेरा वर्षांच्या पोरीपुढं चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती, आणि नंतरही फारशी पाहिली नाही. मी पुढं तीस वर्षं बालवाडी चालवली. पोरांपुढं चुकले की 'चुकले बाई' म्हणायचं, हे मी त्या सकाळी शिकले.

मग त्यांनी आईला विचारलं, "सोनाबाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

आई जमिनीकडं बघत राहिली. उखळही थांबलं होतं. मग म्हणाली, "व्हय. तिसऱ्या दिशी वास आला. मला तो वास झोपंत बी कळतो."

"मग?"

"चार दिस सुखाचं चाललं हुतं, बाई. होळी दोन महिन्यांवर आली हुती. म्हणलं, आपलेच दात आन् आपलेच ओठ. म्हणलं, हुईल बंद आपोआप."

बाई उठल्या, ओलं फडकं घेतलं आणि 'किसनचं घर' याच्यापुढच्या सगळ्या रेघा पुसल्या. सहा महिन्यांच्या. "मोजणी पहिल्यापासून. आठ महिने. सगळ्यांची." आठ महिने म्हणजे पार भाद्रपद. म्हणजे होळी गेली, गॅरेजची जागा गेली, आणि वस्तीतल्या त्या शेपूटवाल्याचं म्हणणं खरं झालं. आणि हे सगळं माझ्या चमच्यानं.

दादांचा पारा चढला. "दोन चमचे औषधापायी सहा महिने पान्यात? मी काय कैदी हाय?" त्यांनी सदरा अडकवला, पिशवी उचलली. "चल गं सोना. पोरांना घे. दोनची एस.टी. हाय."

आई उठली नाही. मला वाटलं, आता उठेल. नेहमी उठायची. दादा चिडले की आई उठून त्यांच्या मागं जायची, समजूत घालायला, झाकायला, सावरायला. ती बसूनच म्हणाली, "तुमी जावा. म्या ऱ्हाते हितं."

"तू? तू कशाला? तू पितीस व्हय?"

"न्हाई. पण तिसऱ्या दिशी वास आला आन् म्या गप बसले. पंधरा वर्सं गप बसले. मला बी काहीतरी झालेलंच हाय की. तुमची मोजणी तुमी बघा, म्या माझी पुरी करून यीन." आणि बाईंना म्हणाली, "बाई, पेशंट गेला तर आमाला ठिवता का?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "ठेवते."

दादा गेले. बांधावरून चालत गेलेली त्यांची पाठ मी दिसेनाशी होईस्तोवर बघत होते. बाळू भोकाड पसरून रडत होता. आईनं त्याला कडेवर घेतलं आणि उखळापाशी जाऊन दुसऱ्या हातानं मुसळ उचललं. मी आईइतकं धीराचं माणूस पाहिलेलं नाही. माझी मैत्रीण म्हणते, शकू, तू सगळ्यांनाच डोक्यावर घेतेस. घेते. पण ती त्या दिवशी तिथं असती तर तिनंही घेतलं असतं. आईजवळ ना पैका, ना शाळा, ना माहेरचा आधार. नवरा निघून गेला तर लोक काय म्हणतील या एका भीतीवर ती जगली होती, आणि ती भीती तिनं बसल्या जागी, आवाज न चढवता, खाली ठेवली.

दोन दिवस मी जेवले नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मी पाजली, मी पाजली, दादा आता ओढ्यात पडून मरतील आणि मी पाजली. आई जवळ घ्यायची, बाई डोक्यावरून हात फिरवायच्या, पण कुणाच्या बोलण्यानं तो काटा निघेना.

तिसऱ्या दिवशी बैठक बसली होती आणि दादा बांधावरून येताना दिसले. नसरापूरपासून चालत आले होते. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे, दाढी वाढलेली. कुणी उठलं नाही. बाईंनी हातानंच खूण केली, बस. दादा गोलात टेकले आणि, कुणी काही विचारायच्या आत, बोलायला लागले.

"पहिल्या दिशी प्यालो. नसरापुरात उतरलो आन् पहिलं तेच केलं. दुसऱ्या दिशी गॅरेजात गेलो. मालक खूश. म्हणाले, वस्ताद, लवकर सुटलास! बरा झालास का? म्हणलं, झालो. म्हणाले, मंडळी कुठंयत? म्हणलं, दवाखान्यात. तर त्यो माणूस घाबराच झाला. म्हणाला, अरं बाबा, मग आजारी कोण हाय?"

दादांनी गुडघ्यावरची धूळ झटकली.

"काय सांगू? बायको धडधाकट. पोरं धडधाकट. ती दवाखान्यात, आन् म्या भाईर, तोंडाला वास घिऊन. मालक आपले बघत्यात माझ्याकडं, बोल की म्हणून. म्या हातातला पाना खाली ठिवला आन् म्हणलं, आजारी मीच हाय मालक. मी चुकून भाईर आलोय."

आधी आई हसली. तोंडाला पदर लावून, अंग गदगदा हलवून हसली, आणि मग सगळी पडवी हसली, तो भोरचा मोठ्या घरातला तरुण, माळी, सगळे. बाई पण. हसता हसता आईचं रडणं कधी सुरू झालं ते कुणालाच कळलं नाही.

पुढचं सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. मालकांनी जागा दुसऱ्याला दिली, त्यांचाही इलाज नव्हता. आम्ही भाद्रपदापर्यंत मळ्यावर राहिलो, पुढं दादांनी नसरापूरला सायकली आणि पंप दुरुस्त करायचं स्वतःचं खोपटं टाकलं. तीन वर्षांनी ते एकदा घसरले. त्या वेळी कुणी सांगायच्या आत आपण होऊन मळ्याकडं जाणाऱ्या वेल्ह्याच्या एस.टी.त बसले, आणि आई कुलूप लावून मागच्या एस.टी.नं गेली. त्यानंतर मरेपर्यंत नाही. मला त्या माणसाचा अभिमान आहे. इंजिन कानानं ओळखायचे म्हणून नाही. न पडणारे पुष्कळ असतात, त्यांचं कौतुक करायला जग बसलंय. माझा बाप पडला आणि चालत परत आला, तेही सगळ्यांदेखत.

पण त्या सकाळी हसणं ओसरल्यावर दादांनी मला हाक मारली. "शके, हिकडं ये." मी गेले नाही. तेच उठले आणि गोलाच्या मधून येऊन माझ्यापुढं उकिडवे बसले. तोंडाला वास नव्हता. बैठकीत घरच्या माणसानं सांगायचं आणि पिणाऱ्यानं ऐकायचं, अशी रीत. ती त्यांनी मोडली, आणि बाईंनी मोडू दिली.

"पहिल्या चमच्यालाच मला कळलं हुतं," दादा म्हणाले. "तुला ठावं न्हवतं, मला ठावं हुतं. तू पाजली न्हाईस. म्या प्यालो. तू हितं नसतीस तर म्या दुसरीकडनं आणली असती. तुझ्याच्यानं मी बिघडलो न्हाई, आन् बरा बी तुझ्याच्यानं व्हायाचा न्हाई. त्ये माझं काम हाय. तू पोर हायस. तू पोरावानी ऱ्हा."

मला एकदम झोप आली. अशी झोप, की पाय उचलवेनात. भर सकाळी, सगळ्यांच्या मधे, मी आईच्या मांडीवर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा उन्हं डोंगरामागं गेली होती. पंगत कधीच होऊन गेली होती, भांडी घासून झाली होती, माझ्या वाटणीचं पाणी कुणीतरी भरून ठेवलं होतं, आणि मला कुणी उठवलं नव्हतं.